विश्लेषण : लग्नाआधी 'चेहरा साफ' करणारी गोळी, सुरू करण्याआधी कॅलेंडर का पाहावे?

हुपरीचे पैंजण देशभरातल्या नवरींच्या पायांत जातात. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्तांचे दिवस सुरू होतात आणि ज्या घरात मुलीचे लग्न ठरले आहे, तिथे दागिने, साड्या, हॉल यांच्या यादीत आणखी एक विषय हळू आवाजात निघतो. 'लग्नाला चार-पाच महिने आहेत. तोवर तोंडावरचे हे फोड जातील असे काही आहे का?'

उत्तर बहुतेक वेळा मैत्रिणीकडून येते. तिने घेतलेल्या गोळीच्या पाकिटाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि तोच फोटो मेडिकलच्या काउंटरवर दाखवला जातो. चिठ्ठी कोणी मागितली तर ठीक, नाही मागितली तर पाकीट पर्समध्ये.

ही गोळी म्हणजे आयसोट्रेटिनॉइन. तीव्र मुरमांवर आज उपलब्ध असलेले सर्वांत परिणामकारक औषध. गर्भाला सर्वाधिक अपाय करू शकणाऱ्या औषधांतही तिचे नाव वरच्या ओळीत आहे. लग्नाच्या तारखेवर डोळा ठेवून ती सुरू केली, तर तिचा सर्वांत धोकादायक काळ नेमका लग्नानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत येऊन पडतो. हा साधा हिशेब हळदीच्या गडबडीत कोणी करत नाही. तो आपण येथे करू.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा लेख गोळीच्या विरोधात नाही. गरज असलेल्या रुग्णाने घाबरून ही गोळी टाळणे आणि चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडू देणे हेही नुकसानच आहे. आमचा आक्षेप ती फोटो पाहून, तपासणीविना आणि कोणाच्याही देखरेखीविना घेण्याला आहे.

ही गोळी नेमके काय करते?

मुरूम येण्यामागे चार गोष्टी असतात. त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींमुळे रंध्राचे तोंड बंद होते, आत जिवाणू वाढतात आणि त्या जागी सूज येते. बाजारातली बहुतेक मलमे यातल्या एक-दोन गोष्टींवर काम करतात. आयसोट्रेटिनॉइनचा परिणाम या चारही गोष्टींवर होतो. तैलग्रंथी आकसतात, तेल कमी होते आणि पुढची साखळी तुटते.

हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला १९८२ मध्ये मान्यता दिली. रोश कंपनीने ते 'अ‍ॅक्युटेन' या नावाने बाजारात आणले. भारतात ते अनेक कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. त्यामुळे पाकिटावरचे मोठ्या अक्षरांतले नाव न पाहता, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले मूळ औषधाचे नाव वाचावे. दोन वेगळ्या नावांची पाकिटे म्हणजे दोन वेगळी औषधे असा समज करून दोन्ही घेतली, तर मात्रा दुप्पट होते.

ती कोणी घ्यावी, कोणी नाही?

महिन्यातून दोन-चार पुटकुळ्या येणे म्हणजे तीव्र मुरूम नव्हेत. त्वचेखाली दुखऱ्या गाठी, पू भरलेले मोठे फोड, छाती-पाठीपर्यंत पसरलेले मुरूम, खड्डे पडू लागलेला चेहरा किंवा इतर उपचार नीट करूनही हटत नसलेला त्रास अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ या गोळीचा विचार करतात.

'वयात आल्यावर होतेच, लग्न झाले की जाते' हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. साध्या पुटकुळ्यांपुरते ते चालूनही जाईल. पण खोल गाठींचे मुरूम वाट पाहत बसण्याने भरून न येणारे व्रण ठेवून जातात. ही गोळी नवे खड्डे पडणे थांबवू शकते, पडलेले खड्डे भरू शकत नाही. म्हणून अशा रुग्णाने उशीर करण्यात शहाणपण नाही.

मुरमांचे कारण कधी वेगळेच असते. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस वाढत असतील, तर संप्रेरकांची तपासणी आधी लागते. शरीर कमावण्यासाठी कोणी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शने घेत असेल, तर पाठभर उठणारे फोड त्याचेच असू शकतात. तालमीतल्या किंवा जिममधल्या पोराने ही गोष्ट घरी नाही तरी डॉक्टरांना खरी सांगितली पाहिजे. मूळ कारण चालू ठेवून वरून गोळी घेणे म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणे.

लग्नाच्या तारखेचे गणित काय सांगते?

या औषधाची मात्रा वजनावर ठरते. प्रचलित पद्धतीत रोज दर किलो वजनामागे अर्धा ते एक मिलिग्रॅम दिले जाते आणि संपूर्ण उपचारात दर किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम पोटात जावे असे पाहिले जाते. काही रुग्णांना डॉक्टर याहून कमी मात्राही देतात.

समजा, मुलीचे वजन ५० किलो आहे. १२० ने गुणले तर एकूण ६,००० मिलिग्रॅम. रोज ४० मिलिग्रॅम घेतले तर १५० दिवस, म्हणजे पाच महिने. रोज २० मिलिग्रॅम घेतले तर ३०० दिवस, म्हणजे दहा महिने. मैत्रिणीने दिलेल्या २० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांच्या पाकिटात असतात केवळ २०० मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण उपचाराचा तिसावा भाग. एक-दोन पाकिटांत चेहरा 'क्लिअर' होईल ही अपेक्षा येथेच संपते.

आता तारखा मांडू. १५ डिसेंबरला रोज ४० मिलिग्रॅमने सुरुवात केली, तर शेवटची गोळी १४ मेच्या आसपास येते. लग्न मेच्या मध्यावर असेल तर अक्षता पडण्याच्या आदल्या दिवशी उपचार संपतो. पण शेवटच्या गोळीनंतर आणखी एक महिना गर्भधारणा होता कामा नये. म्हणजे धोक्याची मुदत जूनच्या मध्यापर्यंत चालते. २० मिलिग्रॅमने सुरू केले असेल तर लग्नानंतरही पाच महिने गोळी चालूच आणि वर एक महिना. नेमक्या याच दिवसांत घरात विचारणा सुरू होते, 'काय मग, गोड बातमी कधी?'

दुसरीही एक अडचण आहे. पहिल्या काही आठवड्यांत अनेकांचे मुरूम कमी होण्याऐवजी वाढतात. लग्नाला महिना राहिला असताना गोळी सुरू केली, तर फोटोंमध्ये चेहरा आधीपेक्षा खराब दिसण्याचीच शक्यता.

लग्न जवळ असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तारीख सांगावी. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड यांसारखी लावायची औषधे किंवा अन्य पर्याय ते सुचवू शकतात. त्यांचाही परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. गोळीच हवी असेल, तर ती लग्नाच्या वर्षभर आधी सुरू करावी किंवा लग्नानंतर मूल पुढे ढकलण्याचा पक्का निर्णय दोघांनी मिळून घ्यावा.

गर्भाला धोका किती मोठा?

औषध बाजारात आल्यानंतर वर्षभरातच, १९८३ मध्ये, ते घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मदोष आढळल्याचे अहवाल येऊ लागले. कान, चेहरा, मेंदू, हृदय यांच्या रचनेत गंभीर दोष होते. पुढील अभ्यासांत, गर्भारपणात ही गोळी पोटात गेलेल्या बाळांपैकी साधारण २० ते ३५ टक्क्यांत मोठे जन्मदोष दिसले. एरवी हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असते. गर्भपाताचा धोका वाढतो आणि वरून निरोगी दिसणाऱ्या काही मुलांतही बौद्धिक वाढीच्या अडचणी आढळल्या आहेत. यात 'एवढ्याशा मात्रेने काही होत नाही' असे म्हणता येण्याजोगी सुरक्षित मात्रा नाही.

म्हणूनच अमेरिकेत २००६ पासून 'आयप्लेज' ही सक्तीची नोंदणी आहे. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या महिलेला उपचाराआधी आणि उपचार सुरू असताना दरमहा गर्भचाचणी करावी लागते, तेव्हाच पुढच्या महिन्याच्या गोळ्या मिळतात. भारतात अशी राष्ट्रीय नोंदणी नाही. येथे हे सारे काम एका चिठ्ठीवर आणि ती लिहिणाऱ्या डॉक्टरच्या संभाषणावर अवलंबून आहे. ती चिठ्ठीच टाळली, तर मध्ये दुसरे कोणतेही कुंपण उरत नाही.

याच्या उलट टोकाच्या अफवाही खोडून काढायला हव्यात. 'ही गोळी घेतली की पुढे मूल होत नाही' हे खरे नाही. औषध शरीरातून निघून जाते. शेवटच्या गोळीनंतर महिना उलटला की पुढच्या गर्भधारणेला त्याचा धोका मानला जात नाही. नवरा ही गोळी घेत असेल तर त्यामुळे बाळात दोष येतो, असेही आढळलेले नाही. मात्र त्याने आपल्या गोळ्या बायकोला, बहिणीला देऊ नयेत. स्त्री असो की पुरुष, गोळी सुरू असताना आणि नंतर एक महिना रक्तदानही करू नये. ते रक्त एखाद्या गर्भवतीला दिले जाऊ शकते. गणेशोत्सवात, जयंतीला रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या मंडळांनी आपल्या फॉर्मवर हा प्रश्न आहे का, हे पाहायला हवे.

मग प्रश्न विचारायचा कोणी?

येथे खरी अडचण सुरू होते. बावीस वर्षांची मुलगी आईसोबत दवाखान्यात येते. डॉक्टरांना विचारायचे असते की गर्भ राहण्याची शक्यता आहे का, गर्भनिरोधक कोणते वापरणार. आई समोर बसलेली. डॉक्टर संकोचतात, मुलगी खाली पाहते, आई म्हणते, 'अहो, तिचे अजून लग्न व्हायचे आहे.' विषय संपतो आणि चिठ्ठी लिहिली जाते.

या तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण या दोन मिनिटांच्या संकोचाची किंमत कोणाला तरी आयुष्यभर मोजावी लागू शकते. आमच्या मते उपाय अवघड नाही. डॉक्टरांनी प्रत्येक महिला रुग्णाशी, अविवाहित असो वा विवाहित, पाच मिनिटे एकटीशी बोलण्याचा नियमच करावा. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणावर संशय घेतल्यासारखे होत नाही. आईनेही 'मी बाहेर थांबते' म्हणावे. आणि मुलीने, कोणी विचारले नाही तरी, स्वतः म्हणावे, 'डॉक्टर, मला थोडे एकटीने बोलायचे आहे.'

गोळी घेत असताना पाळी चुकली, तर त्याच दिवशी गोळी बंद करून गर्भचाचणी करावी. चाचणी होकारार्थी आली तर भीतीने लपवून ठेवू नये, घरगुती उपाय करू नयेत, ताबडतोब स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. औषध पोटात गेलेल्या प्रत्येक बाळात दोष असतोच असे नाही, पण तपासणी आणि सल्ल्यासाठी वेळ हाताशी असणे महत्त्वाचे असते. गर्भपाताविषयीच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने महिलेच्या गोपनीयतेला स्पष्ट संरक्षण दिले आहे. निर्णय तिचा असतो.

गोळी सुरू करण्याआधी कोणत्या तपासण्या?

यकृताची आणि रक्तातील चरबीची (ट्रायग्लिसराइडसह) तपासणी सुरुवातीलाच करतात आणि साधारण एक-दोन महिन्यांनी पुन्हा पाहतात. या गोळीने ट्रायग्लिसराइड वाढू शकते. ते फार वाढले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. महिलांची गर्भचाचणी सुरुवातीला आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी दरमहा.

डॉक्टरांना आणखी काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. डॉक्सिसायक्लिन किंवा त्या गटातील अँटिबायोटिक सुरू आहे का? ते या गोळीबरोबर घेतल्यास डोक्यातील दाब वाढू शकतो. मुरमांसाठीच आधी कोणी डॉक्सिसायक्लिन दिले असेल, तर जुन्या आणि नव्या गोळ्या एकत्र घेण्याची चूक सहज होते. 'अ' जीवनसत्त्वाच्या किंवा ते असलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या घेता का? यकृताचा आजार, मधुमेह, पूर्वी नैराश्याचा उपचार? दारू घेता का? शेवटच्या प्रश्नाचे खोटे उत्तर यकृताच्या रिपोर्टमध्ये उघडे पडू शकते.

रोज काय पाळायचे?

गोळी जेवणाबरोबर घ्यावी. हे औषध स्निग्ध पदार्थांबरोबरच नीट शोषले जाते. उपाशीपोटी घेतल्यास त्याचा बराच भाग वाया जातो. त्यासाठी रोज तांबडा-पांढरा लागत नाही. भाकरी-भाजीवर चमचाभर तूप किंवा पेलाभर सायीचे दूध पुरते. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

ओठ फाटणे जवळजवळ प्रत्येकाला होते. गोळी काम करत असल्याची ती खूणच म्हणावी लागेल. व्हॅसलिन किंवा साधा लिप बाम सतत जवळ ठेवावा. नाक कोरडे पडून रक्त येऊ शकते, डोळे कोरडे होतात, अंग दुखते. चेहऱ्याला सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर आणि बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन इतके पुरेसे आहे.

लग्नघरासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वॅक्सिंग करू नये. या गोळीने त्वचा नाजूक होते आणि वॅक्सबरोबर वरचा थरच निघून येऊ शकतो. गोळी सुरू असताना आणि संपल्यानंतरही सहा महिने वॅक्सिंग टाळण्याचा सल्ला दिला जातो. ब्लीच, स्क्रब, पील हेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ब्रायडल पॅकेजचे पैसे भरण्याआधी पार्लरवाल्या ताईंना 'मी ही गोळी घेते' एवढे सांगितले, तरी मोठी इजा टळेल.

भट्टी, घुंगरू आणि रात्रपाळी

हुपरी आणि परिसरात हातांना काम आहे, पण त्या कामाचेही या औषधाशी नाते आहे. चांदीच्या आटणीजवळची उष्णता आणि घाम यांनी मुरूम भडकू शकतात. गोळी सुरू असताना तीच उष्णता ओठ आणि डोळे अधिक कोरडे करते. घुंगरू-पैंजणांचे बारीक काम डोळ्यांवर चालते. डोळ्यांत खडा टोचल्यासारखे वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावेत. कॉन्टॅक्ट लेन्स सोसत नसतील तर काही महिने चष्मा बरा.

काहींना या गोळीने अंधारात कमी दिसू लागते आणि हे अचानक होऊ शकते. एमआयडीसीतून रात्रपाळी संपवून दुचाकीवर गावाकडे येणाऱ्यांनी हे हलक्यात घेऊ नये. समोरच्या गाडीचा दिवा गेल्यावर रस्ता दिसायला वेळ लागतोय असे वाटले, तर गाडी चालवणे थांबवून आधी डॉक्टरांना गाठावे. तालमीत जोर-बैठका काढणाऱ्यांना एरवीपेक्षा जास्त अंगदुखी जाणवू शकते. व्यायाम किती करायचा, हेही विचारून घ्यावे.

गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

- न थांबणारी डोकेदुखी, सोबत उलटी किंवा धूसर दिसणे
- पोटात, विशेषतः वरच्या भागात, तीव्र वेदना
- डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे
- शौचातून रक्त, तीव्र जुलाब
- अंगावर पुरळ उठून फोड येणे किंवा त्वचा सोलवटणे
- पाळी चुकणे
- सतत उदास वाटणे, चिडचिड, जगणे नकोसे वाटणे

मनावर परिणाम होतो का?

या प्रश्नावर अनेक वर्षे वाद आहे. मोठ्या लोकसंख्येवरील अभ्यासांत गोळीमुळे नैराश्य सरसकट वाढते असे दिसलेले नाही. तीव्र मुरूम स्वतःच माणसाला एकटे पाडतात आणि ते बरे झाल्यावर अनेकांचे मनही सुधारते. तरीही काही व्यक्तींत मनःस्थिती बिघडल्याच्या नोंदी आहेत आणि त्या दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. ब्रिटनच्या औषध नियामकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम कडक केले. १८ वर्षांखालील रुग्णाला गोळी सुरू करण्याआधी दोन तज्ज्ञांची सहमती आणि मानसिक आरोग्याची विचारपूस आवश्यक केली.

घरच्यांनी एवढेच करावे. पोरगा किंवा पोरगी गप्प गप्प राहू लागली, जेवण-झोप बिघडली, तर 'मुरमांचे एवढे काय' म्हणून उडवून लावू नये. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

कायदा काय सांगतो?

आयसोट्रेटिनॉइन 'शेड्यूल एच'मध्ये आहे. औषध नियम, १९४५ नुसार ती नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकता येत नाही. पाकिटावरचे 'आरएक्स' हे चिन्ह त्यासाठीच असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा पाकिटाचा फोटो म्हणजे चिठ्ठी नव्हे. सहा महिन्यांपूर्वीची, दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठीही नव्हे.

गोळीपेक्षा 'साधी क्रीम बरी' असे म्हणणाऱ्यांनीही सावध असावे. स्टेरॉइड असलेली मलमे आठवड्यात चेहरा उजळवतात आणि सोडली की मुरूम दुप्पट जोमाने उठतात, त्वचा पातळ आणि लालसर होते. देशभरातील त्वचारोगतज्ज्ञांनी या गैरवापराविरुद्ध लढा दिल्यानंतर २०१८ मध्ये केंद्राने १४ स्टेरॉइड मलमे 'शेड्यूल एच'खाली आणली. अकोल्यातील एका कुटुंबाचे प्रकरण २०२३ मध्ये राज्यभर गाजले होते. स्थानिक पातळीवर घेतलेली क्रीम वापरणाऱ्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि त्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण प्रचंड असल्याचे तपासणीत आढळले. ते औषध नव्हते, गोरेपणाची क्रीम होती. पण रस्ता तोच होता. कोणीतरी सांगितले, आम्ही लावले.

मेडिकल दुकानदारांना येथे एक सांगणे आहे. गावात औषधाबाबत पहिला सल्ला अनेकदा तुमचाच घेतला जातो. त्यामुळे 'चिठ्ठी आणा' हे तुमचे दोन शब्द गिऱ्हाईक तोडणारे नाहीत, गिऱ्हाईकाचा संसार वाचवणारे असू शकतात. आणि अन्न व औषध प्रशासनाने तपासणीला जाताना अशा औषधांची विक्री आणि चिठ्ठ्या यांचा मेळ घालून पाहिला, तर या दोन शब्दांना बळ मिळेल.

जायचे कुठे?

हुपरीपासून कोल्हापूर आणि इचलकरंजी दोन्ही एका बसच्या अंतरावर आहेत. कोल्हापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या 'सीपीआर'मध्ये, त्वचारोग तज्ज्ञांकडे दाखवता येते. खासगी त्वचारोगतज्ज्ञही दोन्ही शहरांत आहेत. खर्चाची काळजी असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे की एकूण किती महिने लागतील, किती तपासण्या कराव्या लागतील, स्वस्तातली जेनेरिक गोळी चालेल का. पैसे संपले म्हणून उपचार मध्येच सोडण्यापेक्षा आधी हिशेब केलेला बरा. कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम जाणवला तर त्याची नोंद १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय टोल फ्री क्रमांकावर रुग्णालाही करता येते.

थोडक्यात काय?

चिठ्ठी म्हणजे गोळी विकत घेण्याचा पास नव्हे. पुढचे काही महिने कोणीतरी तुमचे रक्त, तुमचे डोळे, तुमचे मन आणि तुमच्या पाळीच्या तारखा लक्षात ठेवणार आहे, याची ती हमी असते. ही हमी असेल तर आयसोट्रेटिनॉइन हे बहुतेकांसाठी सुरक्षित आणि अनेकांचे तारुण्य सुसह्य करणारे औषध आहे. हमी नसेल तर तीच गोळी अंधारातली उडी ठरते.

म्हणून या लग्नसराईत फोनवर कोणी त्या पाकिटाचा फोटो मागितला, तर तो पाठवू नका. त्याऐवजी तुमच्या डॉक्टरांचा नंबर पाठवा आणि एकच प्रश्न विचारा, 'लग्न कोणत्या तारखेला आहे?'